घमेलंभर पाणी

राजा मेला त्या दुपारी मी भुसावळला एका लग्नाच्या पंगतीत जेवत होतो. पानात वरण-बट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. शेजारी बसलेल्या व्याह्यांना मी सांगत होतो, की आता आमच्या मळ्याकडे चोर फिरकत नाही, आम्ही मोठा कुत्रा पाळलाय. तेव्हा दीड-दोन वाजले असतील. पशुवैद्यक डॉक्टरांनी नंतर अंदाजानं जी वेळ सांगितली, तीही साधारण तीच.

ही 2019 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी "कुत्रा उष्माघातानं गेला" एवढ्यावर विषय मिटवायचो. वाक्य खोटं नाही, पण त्यात मी कुठेच नाही, आणि म्हणून ते मला सोयीचं होतं. गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. त्याला पिल्लू घ्यायचंय, कुठलं घ्यावं असं विचारत होता. त्याला काय सांगावं याचा विचार करताना लक्षात आलं, की खरी हकिगत मी बायकोखेरीज घरातल्या कुणालाही अजून सांगितलेली नाही. म्हणून लिहायला बसलो.

यावल तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि 2018 मध्ये निवृत्त झालो. घर यावलला गावाच्या कडेला, आणि तिथून दीड-दोन किलोमीटरवर सातपुड्याच्या अंगाला चार एकर केळी. निवृत्तीनंतर दिवस कसा घालवायचा, हे मी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे तो आपोआप ठरत गेला. आठला उठायचं, चहा, पेपर, पुन्हा चहा. अकराला चौकातल्या ओट्यावर जाऊन बसायचं. दुपारी झोप. मळ्यात आठवड्यातून दोनदा, तेही मोटारसायकलवरून बांधापर्यंत. वरूनच सालदाराला हाक मारायची आणि परत फिरायचं. निवृत्तीच्या वर्षीच रक्तात साखर निघाली होती. डॉक्टर रोज तासभर चालायला सांगत होते. मी मान डोलावत होतो.

त्या दिवसांत आमच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. चोर तांब्यासाठी केबल कापून नेतात आणि ऐन पाण्याच्या पाळीला शेतकरी विहिरीवर हात चोळत उभा राहतो. एका रात्री आमचीही गेली. मग मी कुत्रा पाळायचं ठरवलं. हे कारण खरं, पण अर्धं. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या बंगल्यात लॅब्रॉडोर होता. फाटक उघडलं की तो समोर यायचा आणि येणारा माणूस आधी त्याच्याविषयी विचारायचा. कुठून आणला, केवढ्याला पडला, काय खातो. मलाही कुणी तसं विचारावं, असं फार वाटत होतं. शाळेत एकतीस वर्षं "सर, सर" ऐकायची सवय झालेली, ती एकाएकी बंद पडली होती.

पावसाळ्याच्या तोंडी मी दीड महिन्याचं पिल्लू आणलं. फिकट पिवळं, मऊ, मोठाल्या पंजांचं. नाव ठेवलं राजा. आणण्याआधी मी फक्त किंमत विचारली होती. लॅब्रॉडोर मुळात कुठला, हे मी त्याच्या मरणानंतर वाचलं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर बर्फाळ पाण्यात उतरणाऱ्या, जाळ्यातून निसटलेले मासे तोंडात धरून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा पाणी आत शिरू देत नाही आणि आतला ऊब धरून ठेवतो. ते कुत्रं मी अशा मुलखात आणलं, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी गुरंसुद्धा झाडाखालून हलत नाहीत.

राजाचा स्वभाव मायाळू. मळ्यात कुणीही येवो, केळी कापणारे मजूर असोत की बाजूच्या शेतातली पोरं, तो शेपटी हलवत सामोरा जायचा. आठ महिन्यांचा झाला तरी कुणावर भुंकला नाही. लोक म्हणू लागले, सर, हा रखवालीचा नाही. मला ते लागलं. ओट्यावर कुणीतरी उपाय सांगितला, की बांधून ठेवा, बांधलेलं कुत्रं कडक होतं. मी त्याच दिवशी दुकानातून साखळी आणली. वजनावर घेतली, सव्वा किलो भरली. लांबी चार फूट. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडच्या खांबाला ती गुंडाळली आणि राजाला तिथे बांधला.

आमचा सालदार तडवी होता, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतला. तो जास्त बोलत नसे. साखळी पाहून एवढंच म्हणाला, "सर, त्याले इथं नका बांधू. पत्रा तापतो." मी म्हणालो, "सवय होईल त्याला." मुलांना चुकलेला शब्द दुरुस्त करून सांगावा, तशा आवाजात बोललो. तो पुन्हा काही म्हणाला नाही. पण त्यानंतर तो ऊन वर आलं की राजाला सोडून विहिरीजवळच्या निंबाखाली नेऊन बांधायचा आणि संध्याकाळी मी यायच्या आत परत शेडमध्ये आणायचा. हे मला फार उशिरा कळलं. राजा उन्हाळ्याचे दोन महिने जगला तो त्या माणसामुळे.

आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. हिशोब होतो, जुना सालदार सुटतो, नवा ठरतो. 2019 ला आखाजी 7 मे रोजी होती. आमचा सालदार हिशोब घेऊन गावी गेला. नवा आठवड्यानं येणार होता. मधल्या दिवसांत मळ्यात माणूस नव्हता, आणि भुसावळचं लग्न नेमकं त्याच दिवसांत आलं.

सकाळी आठला मी मळ्यात गेलो. राजाला दूध-भाकरी घातली, लोखंडी घमेलं काठोकाठ भरून त्याच्यासमोर ठेवलं. शेडच्या पश्चिमेला तेव्हा छान सावली होती. राजा त्या सावलीत बसला होता. ती सावली पाहून माझं समाधान झालं आणि मी निघालो. सूर्य डोक्यावर आल्यावर ती सावली कुठे जाईल आणि चार फुटांची साखळी कुठवर पुरेल, हा विचार मी केला नाही. भूगोलाचे गुरुजी सुट्टीवर असले की हाच धडा मी मुलांना शिकवायचो, मैदानात काठी रोवून.

संध्याकाळी सातला परतलो. अजून उजेड होता. शेडजवळ गेल्यावर आधी साखळी दिसली. ती खांबाला तीन वेढे बसून आखडली होती. चार फुटांची साखळी दीड फूट उरली होती. सावलीच्या मागे तो खांबाभोवती फिरत राहिला असणार. घमेलं उपडं पडलं होतं. त्याच्या धक्क्यानं कलंडलं, की तळपलेल्या लोखंडाला तोंड लागून त्यानं ते ढकललं, कोण सांगणार? पुढच्या दोन पायांनी त्यानं जमीन उकरली होती. वीतभर खोल खड्डा, खालची माती जरा ओलसर. त्या खड्ड्यात त्याचं पोट होतं आणि हनुवटी कडेवर टेकलेली.

मी तिथे उभा होतो आणि मागे टपटप आवाज येत होता. दुपारी कधीतरी लाईट आली होती, ऑटो स्टार्टरनं मोटार चालू केली होती, आणि ठिबकच्या नळ्यांतून केळीच्या प्रत्येक खोडाशी पाणी पडत होतं. राजापासून सर्वात जवळचं खोड दहा पावलांवर होतं. मी नंतर मोजलं. जीव जाईपर्यंत त्याला तो आवाज ऐकू येत असणार.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी मला बोल लावला नाही, फक्त समजावून सांगितलं. कुत्र्याच्या अंगाची उष्णता मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साडेअडतीस अंशांच्या आसपास. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, कुत्र्याला तो पंजांच्या तळव्यांपुरताच. बाकी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाळतो, तेवढाच गारवा. त्यासाठी पाणी लागतं, आणि आजूबाजूची हवा अंगापेक्षा थंड असली तर ते सोपं जातं. त्या दिवशी दोन्ही नव्हतं. अंगातली उष्णता एक्केचाळीस अंशांच्या वर गेली की एकेक अवयव बंद पडत जातो. त्यांचं बोलणं मी खाली बघून ऐकलं.

आणि तरीही चौकात मी सांगितलं, की साप चावला असावा. चार दिवसांनी ते बदलून उष्माघात केलं. घरीही तेच सांगितलं. बायकोनं मळ्यात येऊन साखळी आणि खड्डा दोन्ही पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. घमेलं उचलून घरी आणलं, राखेनं घासलं आणि मागच्या ओसरीत पालथं घालून ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं त्या घमेल्याला घरात कुणी हात लावला नाही. माझा दिवस पुन्हा आठला सुरू होऊ लागला.

2021 च्या पावसाळ्याच्या तोंडी वादळानं आमच्या बागेचा एक कोपरा आडवा केला. घड लागलेली खोडं जमिनीवर झोपली होती. पडलेली पानं बाजूला करताना खाली एक गावठी कुत्री मेलेली सापडली आणि तिच्या अंगाला चिकटून एक जिवंत पिल्लू. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. बायकोनं ते पदरात घेतलं. मी म्हणालो, "अगं, घरात नको." ती म्हणाली, "घरात नाही, ओसरीत." घरी येऊन तिनं ते पालथं घमेलं सरळ केलं, त्यात पाणी भरलं आणि पिल्लाजवळ ठेवलं. मी दुसरीकडे पाहिलं. पिल्लाचं नाव तिनंच ठेवलं, टिपी.

टिपीकडे मी वर्षभर मुद्दाम लक्ष दिलं नाही. राजाच्या वेळी चूक झाली म्हणून आता यात पडायचंच नाही, असं मनाशी धरलं होतं. हाही निष्काळजीपणाच, हे तेव्हा समजलं नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि मग दर वर्षी, हे डॉक्टरांनी राजाच्या वेळी सांगितलेलं मला ठाऊक होतं. राजाला मी ती दिलीही होती, कारण तो पैसे देऊन आणलेला होता. टिपीच्या वेळी म्हणालो, गावठी कुत्र्याला काय होतंय. बायको दोनदा म्हणाली, "दवाखान्यात नेऊन आणा तिला." मी दोनदा "उद्या" म्हणालो.

मग 2022 चा पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी झाली. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, रंगवले, गावातून मिरवून आणले. घरी पुरणपोळीचा नैवेद्य ताटात वाढून ओट्यावर ठेवला होता. मी आत गंध आणायला गेलो. बाहेर आलो तेव्हा ताट कलंडलेलं, पोळी अर्धी गायब, आणि दोन हात अंतरावर टिपी उभी. घरात पाहुणे होते. माझ्या डोक्यात सणक गेली. ओट्याच्या कडेला ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं पडलं होतं. त्यातला एक तुकडा उचलला आणि तिच्या पाठीवर ओढला. एकदा नाही, चारदा. ती भिंतीच्या कोपऱ्यात सापडली होती, पळायला जागा नव्हती. पाचव्यांदा हात उचलला तेव्हा तिनं माझा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात खोल गेले.

माझा हात धरून मी ओरडत असतानाच बायकोनं गोठ्याकडे बोट दाखवलं. वासराचं दावं सुटलं होतं. ते तिथे उभं राहून तोंड चाटत होतं आणि त्याच्या नाकपुडीला पुरण लागलेलं होतं.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आमच्या यावलला व्यास मुनींचं मंदिर आहे. व्यास इथे राहिले होते अशी गावाची श्रद्धा आहे आणि गुरुपौर्णिमेला लांबून लोक दर्शनाला येतात. त्या मंदिराच्या गावात मी वर्षानुवर्षं मुलांना महाभारतातल्या गोष्टी सांगितल्या. शेवटची गोष्ट मुलांच्या फार आवडीची. धर्मराजाला न्यायला इंद्राचा रथ येतो, आणि धर्मराज म्हणतो, माझ्याबरोबर चालत आलेल्या कुत्र्याला टाकून मी स्वर्गात येणार नाही. पण आदिपर्वात, कथा नुकती सुरू होते तिथेही एक कुत्रं आहे. जनमेजय आणि त्याचे भाऊ कुरुक्षेत्रावर यज्ञ करत असतात. सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू तिथे येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही अपराध केलास का? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, त्याला जीभही लावली नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या निरपराध लेकराला का मारलंत? तिथे कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती म्हणते, तुमच्यावर न दिसणारं संकट येईल.

ही गोष्ट मला तोंडपाठ होती. मी ती शाळेत वीस-पंचवीस वेळा तरी सांगितली असेल, आवाज चढवून-उतरवून. नैवेद्याचं ताट, निरपराध जीव आणि मारणारा हात, सगळं तेच होतं. माझ्या हातात नळी होती तेव्हा मात्र त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

जखमेवर मी आधी हळद दाबली. शेजारच्या आरोग्यसेविका ताईंनी ती धुवायला लावली. नळाखाली हात धरून साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्र्याला लस दिलीय?" मी नाही म्हणालो. रक्त आलेली जखम म्हणून जखमेतच सीरम टोचलं आणि लसीचा पहिला डोस दिला. पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हणून धरा, पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर आजार टळतो. आणि सांगितलं, "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, वागणं बदललं, तर लगेच कळवा. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता."

त्या दहा दिवसांनी माझं पुढचं आयुष्य बदललं. पहिल्या दिवशी मी टिपीकडे पाहत होतो ते केवळ स्वतःच्या जिवाच्या भीतीनं. ओसरीत खुर्ची टाकून, हाताला पट्टी बांधून, वही घेऊन बसलो. कधी खाल्लं, किती खाल्लं, लाळ गळते का, हे लिहू लागलो. ती दारापासून लांब, गोठ्याच्या भिंतीशी बसून माझ्याकडे पाहत होती. तिला बांधायला हवं, असं कुणीतरी सुचवलं. साखळी मळ्यात होती. मला आणवली नाही. आवाराचं फाटक लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी तिचं पाणी मोजलं. श्रावण नुकताच सरला होता, भाद्रपदाचं ढगाळ आभाळ, हवेत गारवा. तरी दुपारपर्यंत ती सात वेळा घमेल्याशी गेली. सात वेळा मी वहीत उभी रेघ ओढली. सातवी रेघ ओढल्यावर पेन खाली ठेवलं. मे महिन्यात, पत्र्याखाली, दोन थरांच्या केसांचं जनावर, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सात एकच घमेलं, तेही उपडं झालेलं. हा हिशोब मी तीन वर्षं मांडायचा टाळला होता. त्या दिवशी तो माझ्या वहीत माझ्याच अक्षरात समोर आला. बायको आतून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सालदारानं दिलेली ताकीद, सकाळची सावली, ठिबकचा आवाज. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगता, याची वाट पाहत होते."

दहा दिवस पुरे झाले. टिपी धडधाकट होती. अकराव्या दिवशी मी तिला गुरांच्या दवाखान्यात लस द्यायला नेलं. रस्ताभर ती माझ्यापासून दहा फूट मागे चालत होती. दोरी लावायची माझी हिंमत झाली नाही आणि ती पळूनही गेली नाही. दवाखान्यात जायला-यायला माझी पावणेदोन किलोमीटरची चाल झाली. निवृत्तीनंतर मी सलग एवढं पहिल्यांदाच चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फाटकाशी उभी राहिली. मी उठून कडी काढली. तेव्हापासून ती कडी पहाटे पाचला निघते, उन्हाळ्यात साडेचारला, कारण डांबर तापायच्या आत परत यावं लागतं. आपल्या पायात चप्पल असते, तिच्या नसते. मी आता निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहतो. हाताला सोसवेना झालं, तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. आम्ही जुन्या किल्ल्याच्या बाजूनं नदीकडे उतरतो, व्यास मंदिरापर्यंत जातो आणि मळ्याच्या वाटेनं घरी येतो. चारएक किलोमीटर होतात. रात्री नऊला झोप यायला लागली. ओट्यावरची दुपारची बैठक सुटली. माझी तीन महिन्यांची साखर साडेआठवरून सातच्या खाली आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं का? औषध तेच होतं.

मळ्यातही मी आता पायी जातो, आणि पायी गेल्यावर बाग दिसते. कुठल्या खोडाशी ठिबकचं तोंड बुजलंय, कुठे पानावर करप्याचे डाग आलेत, हे मोटारसायकलवरून कधी दिसलं नव्हतं. शेडवरचा पत्रा काढून वर जाड छप्पर घातलं, भोवती निंब लावले. सावलीत एक रांजण अर्धा जमिनीत पुरला, तो रोज भरला जातो. बाजूच्या शेतातली कुत्री, पाखरं, कधी मुंगसं, सगळी तिथे पितात. टिपीला मळ्यात रात्री ठेवत नाही. सातपुड्याच्या कडेला बिबट्याचा वावर असतो आणि बांधलेलं कुत्रं त्याला सोपी शिकार. केबलच्या राखणीला आता आम्ही चार शेजारी शेतकरी पाळीपाळीनं जातो. हे काम मुळातच आमचं होतं.

नातेवाईक कुरकुरतात. लग्नाला आलो की मी मुक्काम करत नाही. जेवून त्याच दिवशी परत. एका साखरपुड्याला गेलोच नाही, कारण घरी टिपीजवळ कुणी नव्हतं. ते घर अजून नाराज आहे. त्यांची नाराजी मला समजते, पण त्यांना समजावणं मला जमलेलं नाही.

एक चूक त्यानंतरही झाली. नसबंदी करायला हवी होती, ती मी लांबवली. टिपीला पाच पिल्लं झाली. तिघांना घरं मिळाली. दोन फाटकातून निसटून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर गेली आणि केळीच्या ट्रकखाली आली. टिपी आठवडाभर त्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची. मी तिच्याशेजारी बसायचो. महिना-दोन महिन्यांनी तिची शस्त्रक्रिया करून घेतली. ज्या दिवशी सुचलं त्या दिवशीच केली असती, तर ती दोन पिल्लं जन्मालाच आली नसती, आणि रस्त्यावर मेलीही नसती.

आता ती पाच वर्षांची होत आलीय. माझ्या खुर्चीखाली झोपते, माझ्या हातून भाकरी खाते, पायावर मान टाकते. मात्र केळीच्या बागेत रोज ठिबकच्या नळ्या उचलाव्या लागतात, गुंडाळाव्या लागतात, सरकवाव्या लागतात. मी खाली वाकून नळी हातात घेतली, की टिपी जिथे असेल तिथून उठते. पळत नाही, भुंकत नाही. चालत बांधाच्या पलीकडे जाते आणि माझ्याकडे तोंड करून बसते. चार फटके आणि त्यानंतरची चार वर्षं, तिनं अजून ते विसरलेलं नाही.

म्हणून मी भाच्याला कुठलं पिल्लू घ्यावं ते सांगितलंच नाही. त्याला पहाटे मळ्यात घेऊन गेलो. काम करताना नळी उचलली. टिपी उठून बांधापलीकडे गेली. तो म्हणाला, "मामा, ही अशी का गेली?" मी नळी खाली ठेवली, रांजणापाशी बसलो आणि त्याला राजापासून सगळं सांगायला सुरुवात केली. बोलणं बराच वेळ चाललं होतं. मधेच ती बांधावरून उतरून आली, रांजणातलं पाणी प्याली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली.